जीपीएस रिसीव्हरची अचूकता गच्चीवर तपासली, पण निष्कर्ष जुळत नाहीत

मखमलाबादकर

नमस्कार. नाशिकजवळ मखमलाबादला आमची एक एकर द्राक्षबाग आहे. ठिबकच्या आराखड्यासाठी एक लहान जीपीएस रिसीव्हर घेतला असून माहितीपत्रकात त्याची अचूकता '२.५ मीटर सीईपी' (जागेच्या चुकीचे, वर्तुळाच्या त्रिज्येत सांगितलेले माप) अशी दिली आहे. ती पडताळण्यासाठी रिसीव्हर गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी तासभर ठेवून सेकंदाला एक याप्रमाणे ३,६०० नोंदी घेतल्या. सगळ्या जेमतेम दीड मीटरच्या वर्तुळात बसल्या, म्हणून समाधान वाटले; परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागेची सरासरी चार मीटर ईशान्येला सरकलेली आढळली. शिवाय बागेचे चार कोपरे नोंदवून काढलेले क्षेत्र एकदा ३८.५ गुंठे, तर एकदा ४१ गुंठे भरले. यंत्र सदोष आहे की माझी पद्धत?

साखळी-खुंटी

मी मोजणीची कामे करतो. आपले यंत्र बहुधा ठीक आहे. नोंदी एकमेकींजवळ पडणे आणि त्या खऱ्या जागेवर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून आपण फक्त पहिली तपासली आहे. आयनावरणामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) होणारी चूक सेकंदासेकंदाला नव्हे, तर सावकाश बदलते. त्यामुळे तासाभराच्या ३,६०० नोंदी दिसायला पुष्कळ असल्या, तरी त्यांत स्वतंत्र अशा मोजक्याच असतात. ही चूक साधारणपणे दुपारी दोनच्या सुमारास सर्वाधिक असते, तेव्हा दुपारच्या सरासरीने जागा बदलली यात नवल नाही. त्यातच काही रिसीव्हर वेग शून्य दिसताच आपली जागा गोठवून ठेवतात. ती सोय सुरू असेल, तर चाचणीआधी बंद करावी.

टाकीशेजारची जागा मात्र निवडायला नको होती. टाकीवरून आणि जिन्याच्या भिंतीवरून परावर्तित झालेले संकेत अँटेनात शिरतात. ते ओळखण्याची एक युक्ती सांगतो. जीपीएस उपग्रहांची तीच मांडणी दुसऱ्या दिवशी सुमारे चार मिनिटे आधी पुन्हा येते. सलग दोन दिवसांच्या नोंदींचे आलेख चार मिनिटांनी सरकवून एकमेकांवर ठेवावेत. त्याच जागी तेच हेलकावे दिसले, तर दोष परिसराचा आहे असे समजावे.

आणि सीईपी म्हणजे कमाल चूक नव्हे. '२.५ मीटर सीईपी' याचा अर्थ निम्म्या नोंदी खऱ्या जागेभोवतीच्या २.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर जाणार; ९५ टक्के नोंदी सामावण्यासाठी त्रिज्या सुमारे दुप्पट, म्हणजे पाच मीटरच्या आसपास धरावी लागते.

गोदाकाठी

वरील उत्तरात एक भर घालतो. खरी जागा ठाऊक असल्याशिवाय अचूकतेची चाचणी होत नाही. एखाद्या मोजणीदाराकडून गच्चीवर खूण करून घ्यावी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (ज्ञात जागी सतत उपग्रहांच्या नोंदी घेणाऱ्या) केंद्रांच्या जाळ्याच्या आधारे तिचे अक्षांश-रेखांश काही सेंटिमीटरपर्यंत मिळतात. जुन्या टोपो नकाशावरून खूण घेण्याचा मोह टाळावा, कारण ते नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट लंबगोल' या जुन्या गणिती प्रतिरूपावर आधारलेले आहेत, तर रिसीव्हर 'डब्ल्यूजीएस ८४' हे वेगळे प्रतिरूप वापरतो. आपल्या भागात तेवढ्यानेच शंभरेक मीटरचा फरक पडतो. (मी स्वतः त्यात एक आठवडा घालवला आहे.) फरक मीटरमध्ये काढताना नाशिकच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३०.७ मीटर, तर रेखांशाचा सुमारे २९ मीटर धरावा.

साखळी-खुंटी

क्षेत्राचा प्रश्न राहिला होता. सगळे कोपरे एकाच दिशेला सारखेच सरकले, तर क्षेत्र बदलत नाही; कोपऱ्याकोपऱ्यांतल्या चुका वेगवेगळ्या असल्या, तरच ते बिघडते. एक एकर चौरसाचा कर्ण ९० मीटर भरतो. प्रत्येक कोपऱ्याची स्वतंत्र चूक उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन-दोन मीटर धरली, तर क्षेत्रात १८० चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांहून थोडा अधिक फरक सहज येतो. आपला अडीच गुंठ्यांचा फरक त्याच घरातला आहे. चारही कोपरे लागोपाठ, मध्ये न थांबता नोंदवावेत आणि अशा चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्यावी. शक्य असल्यास खरड छाटणीनंतर मांडव मोकळा असताना फिरावे. बांधाच्या वादात मात्र हे आकडे पुढे करू नयेत.

मखमलाबादकर

आभारी आहे. रिसीव्हर टाकीपासून हलवून तिवईवर गच्चीच्या मधोमध ठेवला आणि जागा गोठवण्याची सोय बंद करून चोवीस तासांच्या नोंदी घेतल्या. सरासरीभोवती निम्म्या नोंदी २.२ मीटरच्या आत आल्या, ९५ टक्के ४.७ मीटरच्या आत. खुणेसाठी मोजणीदार पुढच्या रविवारी येणार आहेत.