६ जीबीची आयएसओ मधेच तुटते. पूर्ण झाली तर चेकसम जुळत नाही

मानेवाडा_रिंगरोड
नमस्कार. उबुंटू २४.०४ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) ची डेस्कटॉप आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची एकच मोठी फाइल, उतरवायची आहे, साधारण ६ जीबी. ब्रॉडबँडचा कोटा संपल्यामुळे वेग २ एमबीपीएसवर आलाय. क्रोममध्ये कधी दीड जीबीवर, कधी ४ जीबीच्या आसपास ‘नेटवर्क एरर’ येते. रिझ्यूम दाबलं की कधी पुढे जाते, कधी शून्यापासून सुरू होते. लॅपटॉप विंडोज १० चा. राउटर हॉलमध्ये आणि लॅपटॉप आतल्या खोलीत, मधे कुलर. शेवटी डाउनलोड मॅनेजरने अर्धी उतरवून डब्ल्यूगेटने (कमांडने डाउनलोड करणारं साधन) पूर्ण केली, पण चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा) जुळत नाही. ही फाइल आता फेकावीच लागेल का?

धरमपेठ_टर्मिनल
फेकू नका. त्यावर खाली लिहितो.

आधी वेळेचा हिशेब. २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट, म्हणून जास्तीत जास्त २५० केबी. ६ जीबीला ६ तास ४० मिनिटं लागणारच. एवढ्या वेळात लाइन एकदाही तुटणार नाही, ही अपेक्षाच सोडा. तुटल्यावर आलेला भाग हातात राहिला पाहिजे, सगळा खटाटोप त्यासाठी.

तो राहतो की नाही, हे सर्व्हरवर ठरतं. ‘या बाइटपासून पुढचं दे’ असं मागितल्यावर सर्व्हरने २०६ हे सांकेतिक उत्तर दिलं तर पुढे सुरू होतं. २०० दिलं तर तो पूर्ण फाइल पुन्हा पाठवतोय. ४०३ आलं तर बहुतेक लिंकची मुदत संपली. तेव्हा पानावरून ताजी लिंक घ्या आणि त्याच अर्धवट फाइलवर चालवा.

ब्राउझर सोडा. विंडोज १० मध्ये १८०३ आवृत्तीपासून कर्ल (हेही कमांडने डाउनलोड करणारं साधन) आहेच. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड विंडो) नुसतं कर्ल लिहिलं तर वेगळीच कमांड चालते, म्हणून कर्ल डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहा. पुढे हायफन कॅपिटल एल, हायफन कॅपिटल सी, जागा सोडून एक सुटं हायफन, मग हायफन कॅपिटल ओ आणि लिंक. लिंक दुहेरी अवतरणचिन्हातच टाका, नाहीतर तिच्यातल्या ‘अँड’च्या चिन्हाशी कमांड तुटते. तुटलं की त्याच फोल्डरमध्ये वरचा बाण आणि एंटर.

डब्ल्यूगेट वापरत असाल तर ‘कंटिन्यू’सोबत टाइमआउट ३० आणि ट्राइज ० द्या. ० म्हणजे थकेपर्यंत नाही, कायम प्रयत्न. टाइमआउट दिला नाही तर मुळात तो ९०० सेकंदांचा असतो. लाइन मेली तरी १५ मिनिटं नुसती वाट पाहत बसतो.

आता चेकसम. बरेच डाउनलोड मॅनेजर फाइल चार-आठ तुकड्यांत एकाच वेळी उतरवतात आणि डिस्कवर आधीच पूर्ण ६ जीबी जागा अडवतात. म्हणजे आकार पूर्ण दिसतो, पण आत मधेमधे पोकळ्या असतात. कुठला तुकडा कुठवर आला, हे त्या मॅनेजरच्या वेगळ्या नोंदीत असतं. डब्ल्यूगेट ती नोंद वाचत नाही. फाइलचं शेपूट पाहतो आणि तिथून पुढे जोडतो. म्हणून सुरू केलेली फाइल त्याच साधनाने पूर्ण करायची, हा नियम पाळाच.

हिंगणा_केबल
लाइन का तुटते तेही शोधा ना भाऊ. दोन कमांड विंडो उघडा. एकीत राउटरला, म्हणजे बहुतेक १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग (समोरून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. पहिलीतही उत्तर चुकलं तर दोष वायफायचा. फक्त दुसरीत चुकलं तर बाहेरच्या लाइनचा.

कुलरची लोखंडी बॉडी, ओली ताटी आणि खालची पाण्याची टाकी, तिन्ही सिग्नल अडवतात. राउटर कुलरच्या रांगेतून हलवा, नाहीतर सरळ लॅन केबल ओढा. १०० मीटरपर्यंत चालते.

कुलर किंवा पाण्याची मोटर सुरू होताना दाब क्षणभर पडतो, तेव्हा राउटर रीस्टार्ट होतो. राउटरच्या स्टेटस पानावर ‘अपटाइम’ बघा. तो डाउनलोडच्या वेळेपेक्षा कमी असेल तर चोर सापडला. राउटरचा मिनी यूपीएस लावा, पण अडॅप्टरवर ९ व्होल्ट आहे की १२, किती अँपिअर, ते वाचूनच घ्या.

आणि मोबाइलचा फोटो बॅकअप बंद ठेवा. अपलोड भरलं की डाउनलोडच्या पोचपावत्या अडकतात आणि वेग कोसळतो.

मानेवाडा_रिंगरोड
राउटरला पिंग चुकतंय, म्हणजे वायफायच. केबल टाकतो. पण हातातली ६ जीबी कशी वाचवायची? आणि ४ जीबीवर का थांबत होतं?

धरमपेठ_टर्मिनल
थेट पेन ड्राइव्हवर उतरवत होता का? फॅट३२ (पेन ड्राइव्हचा एक फॉरमॅट) वर एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटच्या वर जातच नाही. एनटीएफएस फॉरमॅट असलेल्या ड्राइव्हवर उतरवा.

वाचवायला टॉरेंट, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी अनेकांकडून घेण्याची पद्धत. उबुंटू स्वतः टॉरेंट फाइल देते. नेमक्या त्याच आवृत्तीची घ्या, २४.०४.१ आणि २४.०४.२ वेगळ्या आहेत. क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट प्रोग्रॅममध्ये ती थांबलेल्या स्थितीत जोडा, तुमची आयएसओ त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘फोर्स रीचेक’ करा. प्रत्येक तुकड्याचा हॅश (चेकसमसारखाच आकडा) तपासला जातो. चांगले तुकडे राहतात, खराब तेवढेच नव्याने येतात. रीचेकच्या आधी फाइलची एक प्रत बाजूला काढा.

रात्रभर लावताना ‘स्लीप’ आणि झाकण मिटल्यावरची क्रिया दोन्ही बंद करा. पूर्ण झाल्यावर पॉवरशेलची गेट-फाइलहॅश चालवा. ती मुळातच एसएचए-२५६ प्रकारचा चेकसम काढते, साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा.