भारतातला पाऊस कोणामुळे: हिमालय की समुद्र?

घाटमाथा (धागाकर्ता)
"हिमालय मोसमी वारे अडवतो म्हणून पाऊस पडतो" हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलंय. माझ्या मते हिमालयाचं खरं मोठं काम पलीकडच्या बाजूला आहे. मध्य आशियातली थंड, कोरडी हवा तो इकडे उतरू देत नाही. कोलकाता आणि हाँगकाँग जवळपास एकाच अक्षांशावर. तरी जानेवारीत कोलकात्याचं सरासरी तापमान २० अंशांच्या आसपास आणि भर किनाऱ्यावरच्या हाँगकाँगचं १६-१७. चीनमध्ये उत्तरेची थंडी दक्षिण किनाऱ्यापर्यंत पोचते, कारण मध्ये अशी सलग भिंत नाही. भारताच्या हवामानात पहिला मान हिमालयाचाच.

दर्यावर्दी
थंडीचं पटलं, पावसाचं नाही. मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास केरळात येतो, तेव्हा हिमालय दोन हजार किलोमीटर लांब असतो. वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून जोर धरून अरबी समुद्रावरून येतात. बाष्प समुद्राचं, ओढ तापलेल्या जमिनीची. उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनला मोसमी पाऊस पडतोच ना? तिथे कुठला हिमालय?

घाटमाथा
डार्विन किनाऱ्यावर आहे, आत गेलात की वाळवंट लागतं. पश्चिम आफ्रिकेतही तेच. गिनीच्या आखातावरून मोसमी वारे येतात, पण सहाराची कोरडी हवा आडवी येते आणि साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याच्या, पुढे पाऊस संपतो. आपल्याकडे उत्तरेची कोरडी हवा हिमालय अडवतो, म्हणून पाऊस पंजाबपर्यंत जातो. २०१० साली बूस आणि कुआंग या संशोधकांनी संगणकावरच्या प्रारूपातून तिबेटचं पठार काढून टाकलं, फक्त हिमालयाची अरुंद रांग ठेवली. मोसमी पाऊस बराचसा तसाच राहिला. नंतर काही चिनी शास्त्रज्ञांनी यावर आक्षेप घेतला, उतारांचं तापणंच महत्त्वाचं असं त्यांचं म्हणणं. पण उतार तरी कोणाचे?

माणदेशी
दोघांनाही विनंती, जरा खाली या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत आमच्या माण तालुक्यात पाचशेसुद्धा नाही. तोच समुद्र, तोच हिमालय. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात, पलीकडे उतरणारी हवा तापते आणि कोरडी पडते. आमचं पीकपाणी, आमच्या छावण्या, मेंढरं घेऊन कोकणाकडे जाणं, सगळं या एका डोंगररांगेनं ठरवलंय. देशाच्या सरासरीत आम्ही दिसतच नाही.

दर्यावर्दी
माणदेशी, शंभर टक्के सहमत. पण सह्याद्री पाऊस वाटतो, आणत नाही. घाटमाथा, २००२ साली देशात सरासरीपेक्षा १९ टक्के पाऊस कमी झाला. हिमालय त्या वर्षी बुटका झाला होता का? प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं. १९९७ साली तर त्याहून जबर एल निनो, तरी पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला होता. दर वर्षीचा निकाल समुद्र लावतो.

घाटमाथा
वर्षावर्षाचा चढउतार समुद्राचा, हे मान्यच. पण हवामान म्हणजे एका वर्षाचा निकाल नव्हे. दिल्ली आणि कुवेत साधारण एकाच अक्षांशावर. कुवेतच्या दारात समुद्र, पाऊस वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटर. दिल्ली समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, तिथे सातशेच्या आसपास. समुद्रच सगळं ठरवत असेल तर हे कसं, ते सांगा.