पुन्हा: सायकल फेरी – रविवारी बाणावलीहून कितीला निघायचं?

सचिव, सकाळी ८.१०

काल रात्री तिघांशी फोनवर बोललो, तिघांनी तीन वेळा सांगितल्या. म्हणून आता इथेच लिहितो. सिस्टरांच्या वृद्धाश्रमाला देणग्या मिळाव्यात म्हणून काढलेल्या आपल्या किनारा फेरीचं शनिवारचं (केरी ते बाणावली) ठरलेलं आहे, ते कृपया कोणी उकरून काढू नये. प्रश्न रविवारचा (बाणावली ते पोळे). फादरनी झोपायला हॉल दिलाय, अट एकच: सहाच्या मिसेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) आधी आवार मोकळं हवं. सायकली, बॅगा, टेम्पो, सगळं. पत्रकात निघायची वेळ ५.३० छापली आहे. पण आपल्यातले काही जण मिसेला बसणार म्हणतात, ते सात-सव्वासातला सुटणार. म्हणजे अर्धे पुढे, अर्धे मागे आणि टेम्पो एक. आज रात्रीपर्यंत काय ते सांगा, मला पोलिसांना वेळ कळवायची आहे.

मार्गप्रमुख, मडगाव

५.३० बदलणार नाही. बेतुल सोडलं की चढ लागतो, आणि वर सडा, म्हणजे उघडं पठार. सावलीला एक झाड नाही. दहाच्या आत काब द रामचा फाटा मागे पडला नाही तर काय होतं ते मागच्या वेळी पाहिलंय; काणकोणला टेम्पोत बसून कोण कोण आले त्यांची नावं इथे लिहीत नाही. शिवाय कावेलोशी-असोळणा फेरीबोट. एका खेपेत सगळ्या सायकली मावणार नाहीत. दुसरी खेप धरा. फेरीबोट टाळून चिंचोण्यावरून वळसा घ्यायची सूचना करणाऱ्यांनी तो रस्ता आधी स्वतः सायकलने करून यावा.

आणि एक सांगू का, देव काय घड्याळ लावून बसलाय? म्हाताऱ्या माणसांच्या घरासाठी चाललोय आपण. एखादा रविवार तो समजून घेईल.

वहिनी, वास्को

भाऊजी, देव समजून घेईल हे आमच्या वतीनं तुम्ही ठरवू नका. वारकऱ्याला सांगून बघा, यंदा एकादशीऐवजी द्वादशीला पोच, विठोबा समजून घेईल. काय उत्तर मिळतं ते आम्हालाही कळवा.

आम्ही वसईचे. रविवारची मिस्सा ही आमच्याकडे सवड मिळाली तर करायची गोष्ट नाही. आई अंगात ताप असला तरी शाल गुंडाळून न्यायची. आणि ज्या घरासाठी तुम्ही सायकल चालवताय, तिथल्या सिस्टर पहाटे चॅपलमध्ये बसल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. मागे मी तिथं गेले तेव्हा एक सिस्टर एका आजींची नखं कापत होती, आजी तिला शिव्या देत होत्या, आणि ही हसत पुढचं बोट धरत होती. ते बळ कुठून येतं हे तिला विचारा, मग घड्याळाचं बोलू.

असो. तुमची अडचण मात्र मी सोडवते. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. ही पळवाट नाही, चर्चचा नियमच आहे. बाणावलीत किंवा कोलव्यात शनिवारी ती कितीला असते तेवढं सचिवांनी फादरना विचारावं. फक्त मग आपण पाचच्या आत पोचायला हवं. पणजीत चहाला तासभर मोडायचा नाही. घामेजलेल्या जर्सीत मी चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही.

सर, फोंडा

वेळेचं तुम्ही बघा. पण बाणावलीत मुक्काम करतोय तर संत जोसेफ वाझ यांचं कोणी नाव तरी घेणार की नाही? १६५१ चा जन्म, बाणावलीचाच, तिथल्याच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये बाप्तिस्मा. डचांनी सिलोनमध्ये कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेली असताना हा माणूस इथून अनवाणी निघाला, तुतिकोरिनहून होडीने भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याला उतरला आणि १७११ मध्ये कँडीत देह ठेवला. २०१५ मध्ये पोपनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. आपण पोळ्यापर्यंत जाऊन गळ्यात मेडल घालून घेणार.

दुसरं, गोव्यातल्या साष्टी तालुक्यातून जातोय तर राशोल का नाही? फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली तिथं छापलं. मराठी ओव्या, रोमन लिपीत. मराठी मंडळाला ते वाटेत लागत नाही म्हणजे कमाल आहे.

मार्गप्रमुख, मडगाव

सर, राशोल झुआरीच्या काठाला आहे, समुद्राच्या नाही. फेरीचं नाव किनारा फेरी आहे. व्याख्यान शुक्रवारी ठेवा, मी येईन.

खजिनदार

वेळेशी संबंध नाही, पण तोच प्रश्न खासगीत सारखा येतोय. पावती सिस्टरांच्या संस्थेची मिळेल, मंडळाची नाही. रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर आयकरातली देणगीवरची सवलत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर तशीही नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या भाच्या-पुतण्यांना तूर्त पैसे पाठवू नका म्हणावं. ती परकीय देणगी ठरते आणि त्या संस्थेची तशी नोंदणी नाही. भारतीय पासपोर्टवर मस्कत-दुबईला असलेल्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत खुशाल पाठवावेत.

काका, पर्वरी (नगरचे)

वहिनींच्या नियमात आम्ही प्रोटेस्टंट बसत नाही. आमची उपासना रविवारीच. म्हणून मी नेहमीप्रमाणे शनिवारचाच गडी, टेम्पोतली माझी जागा दुसऱ्याला द्या. एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून शंभर मीटरला उतरलाच नाही, आणि चारशेत सुवर्णपदक घेऊन आला. माझ्याकडून पदकाची अपेक्षा नको.

पण ५.३० वर एवढी भांडणं चालली आहेत, जानेवारीत इथं उजाडतं कधी ते कोणी पाहिलं का? सूर्य सातला उगवतो. म्हणजे तासभर तरी काळोखात, बाणावली-कावेलोशी रस्त्यावर, रविवारी पहाटे. त्या वेळी त्या रस्त्याने गाड्या कुठून आणि कशा अवस्थेत परततात ते मडगावकरांना मी सांगायला नको.

मार्गप्रमुख, मडगाव

सगळ्यांना दिवे सक्तीचे आहेत.

वहिनी, वास्को

दिवे तुमच्या सायकलला आहेत हो. समोरून येणाऱ्याचे डोळे उघडे असायला हवेत ना?

सचिव, रात्री ९.३५

फादरशी बोललो. शनिवारी संध्याकाळची मीस सहाला आहे, सगळ्यांना या म्हणाले, ख्रिश्चन असो वा नसो. रविवारी ५.३० ला हॉल रिकामा करून सामान बाहेर मैदानात. चहा तिथेच. पाववाला येतो, त्याला सांगून ठेवलंय. सायकली हलतील ६.३० ला, सगळ्या एकत्र. मार्गप्रमुख नाखुशीने हो म्हणाले. शनिवारी केरीहून मात्र अर्धा तास आधी निघायचं, आणि पणजीतला चहा रद्द.

हॉलला बाथरूम दोन आहेत. मिसेला जाणाऱ्यांचा नंबर आधी. यावर चर्चा नको.

सर, फोंडा

मीही मिसेला येतोय. म्हणजे माझा नंबर आधी ना?

वहिनी, वास्को

सर, दोनातली एक बायकांना. मग तुमचं बघू.