राव्हेलच्या ऑपेरातली घड्याळजीची बायको: हसायचं कुणाला?

तिरकस (धागाकर्ता)

फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेलचा ‘लर एस्पान्योल’ परत ऐकला. जेमतेम पन्नास मिनिटांचा विनोदी ऑपेरा, पहिला प्रयोग मे १९११, पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक नाट्यगृहात. शब्द फ्रेंच लेखक फ्राँ-नोएँचे, त्या लेखकाच्याच नाटकावरून.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी: अठराव्या शतकातलं स्पेनमधलं तोलेदो. घड्याळजी तोर्केमादा दर गुरुवारी गावाची सार्वजनिक घड्याळं लावायला बाहेर पडतो. बायको कोन्सेप्सियोन त्या तासासाठी आठवडा काढते. नेमका तेव्हाच रामिरो नावाचा सरकारी खेचरवाला घड्याळ दुरुस्तीला घेऊन टपकतो आणि नवरा त्याला ‘आलोच’ म्हणून दुकानात बसवून जातो. मग येतो कवी गोन्साल्व, त्याच्यामागे पैसेवाला डॉन इनिगो. दोघंही लंबकाच्या उंच घड्याळांत लपतात आणि रामिरो ती घड्याळं, आतल्या माणसासकट, बाईंच्या खोलीत नेतो-आणतो. कवीला कविता आवरत नाही, इनिगोला पोट आवरत नाही. शेवटी बाई रामिरोलाच वर घेऊन जातात, या वेळी घड्याळाशिवाय.

संगीत अफाट आहे, वाद नाही. पण विनोद चावडीवरचाच ना? बाईला काय हवं, तर दणकट दंड! बाकी तिला मन आहे की नाही याची कुणाला पडलेली नाही.

खर्ज

साफ असहमत. दोन्ही प्रियकर फुकट गेल्यावर ती एकटी जे गाते ते नीट ऐका. तक्रार काय, तर दिवस सरत चालला आणि मी अजून पतिव्रताच! हसू येतं, पण राग खरा आहे. आठवड्यात एकच तास मिळतो आणि तोही एक जण यमक जुळवण्यात घालवतो, दुसरा पेटीत अडकून बसतो. आणि नवऱ्याला गावच्या घड्याळांचं काम कुणी मिळवून दिलं? इनिगोनेच, स्वतःची सोय म्हणून. म्हणजे तिचा तो तासही दुसऱ्याच्या मेहेरबानीचा. एवढं सगळं दिसत असताना ‘दणकट दंड’ एवढंच ऐकू येत असेल तर कठीण आहे.

लयकारी

दोघंही गोष्टीत अडकलात. राव्हेलने गायकांना बजावलं होतं की गाऊ नका, बोला. सवलत फक्त गोन्साल्वला आणि शेवटच्या पाच जणांच्या गाण्याला. म्हणजे या घरात लांबलचक ताना घेतो तो एकटा, ज्याला स्वतःच्या शब्दांपलीकडे काही दिसत नाही. प्रेमाच्या गाण्याची यापेक्षा जास्त टिंगल काय करणार? बाकीचे रोजच्या बोलण्याच्या चढउतारात बोलतात, आणि मला तरी त्यामुळेच ती माणसं वाटतात.

(अवांतर: सुरुवातीला वाद्यवृंदात तीन मेट्रोनोम, म्हणजे ठेका धरणारी यंत्रं, तीन वेगांनी टकटकतात. राव्हेलचे वडील इंजिनिअर होते, यंत्रांचं वेड घरातलंच.)

तिरकस

@लयकारी, मेट्रोनोम तुम्हीच काढलेत ते बरं झालं. तीन यंत्रं आपापल्या वेगात चालतात, एकमेकांशी देणंघेणं नाही. माणसंही तशीच. कोन्सेप्सियोनचा राग खराच आहे म्हणा, पण दोन मिनिटांत चावी संपते आणि पुन्हा वर-खाली हमाली सुरू.

माजघरातली काकू

आपल्याकडचं आठवलं म्हणून लिहिते. ‘संशयकल्लोळ’ संगीत रूपात १९१६ साली आलं, म्हणजे याच्याच आगेमागे. तिथे फाल्गुनराव कृत्तिकेवर संशय घेतो, ती त्याच्यावर, आणि अखेरीस कळतं की कुणीच काही केलेलं नाही. आपण सुटकेचा श्वास टाकून घरी! ‘शारदा’तही म्हाताऱ्याशी लग्न व्हायच्या आतच मोडतं. देवल मला प्रिय आहेत, पदं अजून तोंडपाठ आहेत, पण लग्न होऊन गेल्यावर नकोशा नवऱ्याबरोबर बाईने दिवस कसे काढायचे, हे त्या दोन्ही नाटकांत येत नाही. हा फ्रेंच माणूस निदान तिथून सुरुवात तरी करतो. चावट असेल, पण भित्रा नाही.

खर्ज

काकू +१. आणि इथे नवऱ्याला संशयच येत नाही!

उंबरठा

येत नाही? शेवट बघा की. तोर्केमादा परत येतो तर दोन सद्गृहस्थ घड्याळांच्या आत. तो काय करतो? गिऱ्हाईक समजून दोघांना ती घड्याळं विकतो. लाजेखातर दोघंही घेतात. मग, आता बायकोला घड्याळ उरलं नाही म्हणून रामिरोलाच सांगतो: रोज सकाळी खेचरं घेऊन इथूनच जाता ना, तेव्हा हिला वेळ सांगत जा. हा माणूस भोळा? मला तर पाचांत सगळ्यात शहाणा वाटतो. गुरुवारच्या जागी रोजची सकाळ, शिवाय गल्ला भरलेला.

तिरकस

मग माझंच म्हणणं पक्कं झालं. नवऱ्याला सगळं ठाऊक असेल तर बाईची चोरीही तिची राहिली नाही. इनिगोने तास दिला, आता नवरा सकाळ देतोय.

खर्ज

रामिरोला वर चल म्हणायला मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढं एक तरी तिच्या नावावर ठेवा.

लयकारी

तोर्केमादाला कळलंय की नाही हे संहितेत उघड नाही, ते गायकाच्या चेहऱ्यावर अवलंबून. लगेच पाच जणांचा हाबानेरा (त्या नावाच्या क्युबन-स्पॅनिश नाचाच्या लयीतलं गाणं) सुरू होतो, त्यामुळे डोळा मारायचा तर जेमतेम दोन-चार सेकंद मिळतात. कुणी तसा प्रयोग पाहिला असेल तर दुवा द्या.