मडगार्डवर पोरं बसवावीत का?

कोरडवाहू: रब्बीची मशागत सुरू झाली की आमच्या शिवारात रोज हेच दिसतं. बाप स्टिअरिंगवर, सहा-सात वर्षांचं पोर मडगार्डवर आणि मागं फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर चालू. बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं: "आम्ही पण असंच वाढलो." अवजार चालू असताना पोर ट्रॅक्टरवर नकोच, असं माझं मत. तुमचं?

बांधावरचा बापू: मग ठेवायचं कुठं? बायको खुरपायला, म्हातारीला धड दिसत नाही, घरामागं बिनकठड्याची विहीर. त्यापेक्षा माझ्या नजरेसमोर मडगार्डवर बरं. लो गिअरला ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं तर जातो.

कोरडवाहू: विहिरीचं खरंय, ते टोलवत नाही. पण ट्रॅक्टर कितीही हळू असला तरी पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला 540 फेऱ्यांनी फिरतो, सेकंदाला नऊ. मडगार्डवरून घसरलेलं पोर मागच्या चाकाखाली जातं, नाहीतर पात्यांत. तुझा पाय क्लचवर जाईपर्यंत झालेलं असतं सगळं. आणि नजरेसमोर कसलं? तू तर तासाकडं, मातीतल्या ओळीकडं बघत असतोस!

शिवारकन्या: ब्रिटनमध्ये शेतीकाम चालू असताना 13 वर्षांखालच्या मुलाला ट्रॅक्टरवर बसवायला कायद्यानंच बंदी आहे. केबिन असली तरी.

बापू: तिथल्या विहिरींना कठडे असतील. आपल्याकडं बीडची ऊसतोड कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, पोरांसकट ट्रॉलीत बसून सांगली-कोल्हापूर गाठतात. त्यांना कोण वय विचारतं?

शिवारकन्या: ते पोटासाठी जातात, बापू. आपल्यातले कितीतरी जण पोराला बसवतात ते रील काढायला. गरज आणि हौस एका मापानं कशी मोजायची? शिवाय ट्रॅक्टरवर जागा एकट्या चालकाची. मडगार्डवरच्या माणसाला काही झालं की विमा कंपन्या हात वर करतात. आणि पोराच्याच हातात स्टिअरिंग देऊन रस्त्यावर गेलात, तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजार दंड, वर तीन वर्षांपर्यंत कैद.

बापू: रील काढणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. बरं, रोटाव्हेटर लावला की उतरवीन. पण मोकळा ट्रॅक्टर घरी नेताना बसवणारच.

कोरडवाहू: मोकळाच जास्त उसळतो खड्ड्यात. वजन कुठंय मागं?

बापू: मग काय, दीड कोस चालवू त्याला भर उन्हात?

शिवारकन्या: ट्रॅक्टर शेतातल्या वस्तीवरच लाव, पोराला मोटारसायकलवर ने.

बापू: मोटारसायकलवर धोका नाही होय? हेल्मेट तर तिथंही पोराच्या डोक्यात नसतं.