शोक, फ्लेक्स आणि बंद शटर : तुमचे अनुभव सांगा

चौकवासी: लतादीदी गेल्या तो रविवार, ६ फेब्रुवारी २०२२. संध्याकाळपर्यंत आमच्या चौकात फ्लेक्स लागला. दीदी कोपऱ्यात, पासपोर्ट साइझ. मधोमध 'शोकाकुल' म्हणून आमचे भावी नगरसेवक, गॉगल लावून, हात जोडून, सगळे दात दाखवत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचाच फोटो उचललेला! सोमवारी राज्यात सार्वजनिक सुट्टी, त्यामुळे स्पीकरवर दिवसभर तीच चार गाणी. समोरच्या आजींनी शेवटी कानात कापूस घातला. जूनमध्ये तो फ्लेक्स भेळेच्या गाडीवर उलटा बांधलेला दिसला. तुमच्याकडे काय काय झालंय? लिहा.

बेंगळूर रिटर्न: १२ एप्रिल २००६, कन्नड सिनेमाचे सुपरस्टार राजकुमार गेले. ऑफिसातून 'निघा' म्हणेपर्यंत बसच्या काचा फुटायला लागल्या होत्या. रिक्षावाल्याने राजकुमारांचा फोटो पुढच्या काचेला लावला आणि मला म्हणाला, "मॅडम, फोनवर मराठी नको." त्या दंगलीत आठ माणसं गेली, त्यात एक पोलीस. लोकांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी शटरं पडली ती भीतीने.

२०२१ मध्ये त्यांचा मुलगा पुनीत अचानक गेला, तेव्हा मी आधी दूध-ब्रेड भरून ठेवलं. या वेळी बंदोबस्त होता, दारूविक्री बंद होती. वडिलांसारखं पुनीतचंही नेत्रदान झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांनी महिन्याभरात स्वतःचा फॉर्म भरला. सही येत नव्हती, अंगठा उठवला.

ग्रुप ॲडमिन: एका ज्येष्ठ नटाला आमच्या सोसायटीने तीनदा भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. तिन्ही वेळा ते ठणठणीत. खरंच गेले तेव्हा कुणी हात जोडायला तयार होईना, "आधी खात्री करा" म्हणे.

रिमोटधारी: २०१८, श्रीदेवी दुबईच्या हॉटेलात बाथटबमध्ये बुडून गेली. चॅनेलांवर दिवसभर बाथटब. एक वार्ताहर तर टबात आडवा झाला. आजी म्हणाली, "बाई गेली ना रे? मग हे पाणी कसलं मोजतायत?" रिमोट माझ्याच हातात होता. बदललं नाही, हे कबूल.

पार्लेकर: आमच्या बाबांचं सांगते. रफीसाहेब ३१ जुलै १९८० ला गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईत धो धो पाऊस, तरी बाबा पार्ल्याहून जुहूच्या कब्रस्तानापर्यंत चालत गेले. गर्दी एवढी की त्यांना जनाजासुद्धा दिसला नाही. एकच चप्पल पायात घेऊन घरी आले. आईने शर्ट पिळून वाळत टाकला, आमटी गरम केली. बाबा जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. बोलले काही नाहीत. २०१० मध्ये जागा पुरेना म्हणून तिथल्या जुन्या कबरी काढल्या, त्यात रफीसाहेबांचीही गेली. आता लोक जवळच्या नारळाच्या झाडावरून जागा ओळखतात. बाबा अजून ३१ जुलैला जातात. हल्ली ट्रॅफिकमुळे सकाळी सातलाच निघतात.