मदत हवी आहे: गाऊनची २५ फुटी ट्रेन चुरगळू न देता गाडीत कशी बसवायची?

नाटकासाठी ब्रिटनच्या राजकुमारी डायनाच्या १९८१च्या लग्नातल्या गाऊनची प्रतिकृती शिवायची आहे. ट्रेन, म्हणजे मागे लोळणारा घोळ, २५ फूट, साधारण ७.६ मीटर. मूळ कापड हस्तिदंती रेशमी टाफेटा. घट्ट विणीचं, कडक, एकदा घडी पडली की रेघ राहतेच. डायना वडिलांसोबत बंद बग्गीत बसली तेव्हा ट्रेन दाबून बसवली आणि सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उतरताना चुण्या साऱ्या जगाला दिसल्या. २०११मध्ये तिची सून केट हिच्या लग्नातली ट्रेन जेमतेम २.७ मीटर होती, हे शहाणपणच! धाकटी सून मेगन हिच्या लग्नातला ५ मीटरचा व्हेल, म्हणजे डोक्यावरून मागे सोडलेला पदर, जाळीचा, त्याला चुण्यांची तेवढी भीती नाही.

अडचण अशी: १४० सेंमी पन्ह्याचे तीन पट्टे उभे जोडायचे आहेत. टाफेटात सुईची भोकं कायमची राहतात, त्यामुळे उसवून पुन्हा शिवणं नाही. ६० नंबरची सुई पुरेल की ७०ची? आतून ऑर्गन्झाचं (पातळ, कडक, पारदर्शक कापडाचं) अस्तर दिलं तर चुण्या कमी होतात की नुसतं वजन वाढतं? ट्रेन कंबरेला हुकांनी वेगळी लावली तर ओढ कुठे येते? आणि गाडीत घड्या घालण्यापेक्षा मऊ कापडाच्या गुंडाळीवर गुंडाळलेली बरी का?